अकरा फूट

दादा,

तू गेलास तेव्हा मला रडू आलं नाही. हायसं वाटलं. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. घरात माणसं येत होती, रूथवहिनीचा हात धरून बसत होती, आणि मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवताना मनात म्हणत होते, सुटला. शनिवारी दुपारी दोन घास मऊ भात खाल्लास, कुशीवर वळलास, आणि वहिनी औषधाची गोळी घेऊन आली तेव्हा उठला नाहीस. हाताला सुई नव्हती, नाकात नळी नव्हती, आणि मंगळवारी परत त्या डायलिसिसच्या खुर्चीत जाऊन बसायचं नव्हतं. तुझ्यासाठी अशी सुटका मी प्रार्थनेत मागितली होती, आणि मागताना लाज वाटली होती. मिळाल्यावर मात्र लाज वाटली नाही.

पण हायसं वाटायला एवढंच कारण नव्हतं. आपण बोलत नव्हतो त्या सात महिन्यांत तू गेला असतास तर मी आज हे लिहायला बसले नसते. तुझ्या कबरीसमोर उभं राहायला मला तोंड राहिलं नसतं. आपलं बोलणं सुरू झालं, नीट सुरू झालं, आपण पुन्हा भांडलोसुद्धा, आणि मग तू गेलास. यासाठी मी रोज सकाळी देवाचे आभार मानते आहे.

शोकसभेत लोक काय बोलले ते तुला सांगत नाही. चांगलंच बोलले. तुला ऐकायला आवडलं नसतं, मध्येच उठून पंखा कमी-जास्त करत बसला असतास. मला सारखी तुमच्या घरातली संध्याकाळची प्रार्थना आठवते आहे. मी शाळेत शिकवून परस्पर तुमच्याकडे यायची, वहिनी दिवे लावायची, आणि तू डोळे मिटून आधी आजारी माणसांची नावं घ्यायचास. मग न चुकता सरकारवर यायचास. पंतप्रधान, मुख्यमंत्री, कलेक्टर, आणि तिथून खाली उतरत उतरत थेट आपल्या वॉर्डाच्या अभियंत्यापर्यंत. "हे प्रभू, त्याला सुबुद्धी दे, त्याच्या लेकराबाळांना आरोग्य दे, आणि आमच्या नालीवरचं झाकण बसवायची त्याला आठवण दे." वहिनी पदर तोंडाशी धरून हसायची.

"देवाले नालीचं काहून सांगून राहिला गा दादा?" मी एकदा विचारलं.

"अर्ज तर दिलाच आहे," तू म्हणालास. "पण जो अर्ज वाचणार, त्याच्यासाठी कोण मागणार?"

मला हे आवडायचं नाही, तुला ठाऊक होतं. पेपरात आपल्यासारख्या ख्रिस्ती माणसांबद्दल काहीबाही यायचं. कुठल्याशा गावात घरात चार माणसं प्रार्थनेला जमली म्हणून चौकशी झाली, असं कोणीतरी चर्चच्या मंडळीत येऊन सांगायचं. अशा दिवसांत राज्यकर्त्यांसाठी तुझा तो ठणठणीत आमेन ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी म्हणायची, तू देवापेक्षा सरकारला जास्त मानतोस. तू म्हणायचास, "सरकार म्हंजे कोण वं? मीच होतो ना चाळीस वर्षं."

ते खरं होतं. चाळीस वर्षं तू लोकांच्या जमिनी मोजल्यास. मला त्यातला एकच दिवस डोळ्यांनी पाहायला मिळाला. माझी मॅट्रिकची परीक्षा संपली होती, तू नुकताच नोकरीला लागला होतास, आणि आईने मला चार दिवस तुझ्याकडे पारशिवनीला पाठवलं होतं. एका गावात दोन चुलतभावांचा धुऱ्यावरून तंटा होता. कोणाच्या वावराची हद्द कुठवर, एवढाच प्रश्न, पण दोघांच्या बायका विहिरीवरही एकमेकींशी बोलत नव्हत्या. थोरल्या भावाने आपल्याला घरी जेवायला नेलं. वांग्याची भाजी होती, भाकरी होती, वर ताक होतं. माझ्या पानात त्याच्या बायकोने दोनदा वाढलं. दुपारी तू मोजणीची साखळी लावलीस आणि धुरा धाकट्याच्या बाजूने निघाला. थोरल्याने अडीच हात जमीन दाबली होती. तू सगळ्यांसमोर सांगितलंस, कागदावर लिहिलंस, त्याची सही घेतलीस.

परत येताना बैलगाडीत मी रुसून बसले होते. म्हटलं, त्याच्या घरी जेवलास ना.

"जेवलो त्याच्या घरी," तू म्हणालास. "साखळी तर त्याची नव्हती."

मी त्या दिवशी तुझ्यावर चिडले आणि रात्री आईला पत्रात लिहिलं की दादा फार मोठा माणूस आहे. दोन्ही खरं होतं. पुढे जन्मभर माझं तुझ्याशी असंच चाललं.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आपल्या कब्रस्तानच्या फाटकावर नोटीस लागली. समोरचा रस्ता रुंद करायचा होता आणि त्यासाठी पूर्वेकडच्या भिंतीपासून आत तीस फूट जागा जाणार होती. तीस फुटांत कबरींच्या तीन ओळी येत होत्या. भिंतीलगतची पहिली ओळ गरिबांची. मिशन हॉस्पिटलच्या आया, वॉर्डबॉय, स्वयंपाकी, आणि आपली आई. तिच्या कबरीवरचा सिमेंटचा क्रूस तू स्वतः ओतला होतास आणि तो ओला असताना खिळ्याने तिचं नाव कोरलं होतंस. मी वीस वर्षांची होते. नाव कोरताना तुझा हात थरथरला होता, म्हणून त्यातली एक वेलांटी वाकडी आहे.

नोटीस आली आणि मंडळी पेटली. चर्चचे पाळकसाहेब शांत राहा म्हणत होते, पण कोणी ऐकत नव्हतं. मी कमिटीवर होते आणि सगळ्यांत जास्त मीच बोलत होते. मी म्हटलं, आपण मूठभर आहोत म्हणून हे होतं आहे, दुसऱ्या कोणाच्या मुडद्यांना हात लावायची यांची हिंमत झाली नसती. वकिलाने हरकतीचा अर्ज तयार केला. भिंत मूळ हद्दीवरच उभी आहे आणि आतली इंचन् इंच जागा पहिल्यापासून चर्चची आहे, असं त्यात लिहिलं होतं. तुझी सही हवी होती. निवृत्त मोजणीदाराची सही म्हणजे वजन पडलं असतं.

तू अर्ज दोनदा वाचलास आणि चष्मा काढून म्हणालास, "आधी मोजू द्या."

चार दिवस सकाळी तू आणि वहिनी तिथे जात होतात. तू जुन्या नकाशाची नक्कल काढून आणली होतीस. टेपचं एक टोक तुझ्या हातात, दुसरं वहिनीच्या. वहिनीने नंतर मला सांगितलं, तिसऱ्या दिवशी सीताफळाच्या झुडपाखालची माती उकरताना तुला हद्दीचा दगड सापडला. नकाशात होता तसाच, वर फुली कोरलेला. तू त्याच्याजवळ उकिडवा बसून राहिलास. वहिनी म्हणाली, काय झालं? तू म्हणालास, "भिंत बाहेर आहे, रूथ." तो दगड भिंतीच्या आत अकरा फुटांवर होता.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली आणि तू उभा राहून सांगितलंस. जुनी भिंत एका पावसाळ्यात पडली होती, तेव्हा समोर नुसती कच्ची वाट होती. कबरींना जागा पुरत नव्हती, म्हणून नवी भिंत आपल्याच लोकांनी पुढे सरकवून बांधली. "आपले बाबाही होते विटा रचायले," तू माझ्याकडे पाहून म्हणालास. "त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण अकरा फूट आपले नाहीत. अर्जात ते आपले म्हणून लिहिलं तर मी सही करणार नाही, आणि कोणी विचारलं तर खरं सांगीन."

मी हिशोब लावत होते. पहिली ओळ. आई.

"आईले रस्त्यावर काढतोस काय गा?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

तू नकाशाकडे पाहत राहिलास.

"बाहेरचे काय कमी होते?" मी म्हटलं. "घरातूनच फितूर निघाला."

फितूर. हा शब्द मी आपल्या बाबांच्या मुलाला उद्देशून वापरला, चर्चच्या खोलीत, पाळकांच्या समोर. कोणीतरी मागून हो म्हटलं. तू नकाशाची घडी घातलीस, पिशवीत ठेवलीस आणि वहिनीला घेऊन निघून गेलास.

त्यानंतर सात महिने मी तुझ्याशी बोलले नाही. तुमच्याकडे येणं थांबवलं. उपासनेत तू डाव्या बाजूला बसायचास म्हणून मी उजव्या बाजूला बसायला लागले. नाताळात तू वहिनीबरोबर करंज्यांचा डबा पाठवलास, दर वर्षीसारखा. मी करंज्या ठेवून घेतल्या, डबा घासला आणि रिकामा परत केला. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात, हे आईने आपल्या दोघांनाही शिकवलं होतं. वहिनीने डबा हातात घेतला, झाकण उघडून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर काहीतरी आलं होतं, पण ती बोलली नाही. ती काय गिळून गेली ते मला जानेवारीत कळलं.

सुनावणी नागपुरात सदर भागातल्या एका सरकारी कार्यालयात होती. आम्ही कमिटीचे पाच जण वकिलासोबत एका बाकावर बसलो होतो. तू एकटा समोरच्या बाकावर. बारीक झाला होतास. मला वाटलं, भांडणाने झाला असेल, आणि खरं सांगते दादा, मला थोडं बरं वाटलं.

अधिकारी बाई होत्या, चाळिशीच्या, कंटाळलेल्या. वकिलाने अर्ज वाचला. त्यांनी विचारलं, मोजणीचा काही आधार? वकील म्हणाला, भिंत पन्नास वर्षांपासून आहे. त्या म्हणाल्या, भिंत कोणीही बांधतं. मग त्यांनी तुझं नाव घेतलं आणि तू नकाशा घेऊन टेबलापाशी गेलास. दगड कुठे सापडला, नकाशात कुठे आहे, भिंत किती बाहेर आहे, सगळं सांगितलंस. पहिले अकरा फूट रस्त्याचे. त्याच्या आतले एकोणीस फूट चर्चचे, ते घेता येणार नाहीत, घ्यायचे असतील तर त्याची रीत वेगळी आहे.

"तुम्ही कोणातर्फे आलात?" बाईंनी विचारलं.

"मी याच चर्चचा आहे, मॅडम."

"मग तुमच्याच लोकांच्या विरुद्ध सांगता आहात, हे लक्षात आहे ना?"

"मॅडम, माझी आई त्या अकरा फुटांत आहे," तू म्हणालास.

बाईंनी पेन खाली ठेवलं. पहिल्यांदा त्यांनी तुझ्याकडे नीट पाहिलं. मग शिपायाला सांगून त्यांनी त्यांच्याकडचा नकाशा मागवला, आणि दोन्ही नकाशे शेजारी ठेवून तुम्ही दोघं वाकून पाहत राहिलात. बाई म्हणाल्या, "आमच्या नकाशात हा दगड आहे, पण जागेवर कोणाला सापडलाच नव्हता. म्हणून भिंतीपासून मोजलं गेलं." त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन पाहते म्हटलं आणि आल्याही. चपला काढून कबरींच्या मधून चालल्या. सीताफळाजवळ वाकून त्यांनी दगडावर हात ठेवला.

पण मी त्या दिवसाबद्दलच सांगते. सुनावणी संपली, तू जिना उतरत होतास. दोन पायऱ्या उतरायचास आणि कठडा धरून थांबायचास. मी मागे होते. तिसऱ्यांदा थांबलास तेव्हा मी पुढे येऊन तुझ्या हातातली नकाशांची पिशवी घेतली.

"चहा घेशील?" मी म्हटलं.

"अर्धाच," तू म्हणालास. "जास्त चालत नाही."

बाहेरच्या टपरीवर बसलो तेव्हा तुझी बाही वर सरकली आणि मला मनगटावरची पट्टी दिसली. नोव्हेंबरपासून डायलिसिस सुरू होतं. पाळकसाहेबांना माहीत होतं, वहिनीला माहीत होतं, मला कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, मले काहून नाही सांगितलं?

तू अर्ध्या कपातला अर्धा चहा प्यालास. मग म्हणालास, "मीच रूथले नाही म्हटलं. सांगितलं असतं तर तू दुसऱ्या मिनिटाले आली असती. भांडण तसंच राहिलं असतं आणि तू फक्त माझी कीव करत बसली असती."

टपरीवर माणसं होती म्हणून मी रडले नाही. घरी जाऊन रडले. आणि त्या रडण्यात राग पण होता, हे तुला नंतर सांगितलं होतं. तुझं बरोबर असायचं, याची मला कधीकधी फार चीड यायची.

निकाल फेब्रुवारीत लागला. रस्त्याने अकरा फूट घ्यावेत, चर्चच्या जागेला हात लावू नये, उरलेली रुंदी समोरच्या मोकळ्या सरकारी जागेतून काढावी, दगडाच्या रेषेवर नवी भिंत सरकारने बांधून द्यावी. पहिल्या ओळीतल्या चौदा कबरी कुटुंबांनी आत हलवाव्यात आणि त्यासाठी पुरेसा वेळ द्यावा. कमिटीत काही जण हरखले, काही जण अजूनही म्हणतात की अकरा फूट फुकट गेले. कमिटीचे सेक्रेटरी तुझ्या शोकसभेत आले होते, पण बोलायला उठले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतः काय होते ते मला आठवतं.

आईला हलवलं ती सकाळ मी कोणाजवळ बोलले नाही, तुझ्याजवळही नाही. आज बोलते.

थंडी होती. खणणारे दोघं होते, पाळकसाहेब होते, तू प्लास्टिकच्या खुर्चीवर शाल घेऊन, आणि मी. मला भीती वाटत होती. आईचा चेहरा माझ्या मनात जसा आहे तसा राहील की नाही, याची भीती. मी तुला म्हटलं होतं, मी फाटकाशी थांबते. तू म्हणालास, थांब. पण मी थांबले नाही. माती खाली खाली काळी होत गेली आणि मग खणणारा हाताने काढायला लागला. फार काही नव्हतं दादा. थोडी हाडं, मातीसारखीच झालेली. आणि निळ्या काचेच्या बांगडीचे तीन तुकडे.

तू खुर्चीवरून उठलास. तुला वाकता येत नव्हतं, म्हणून मी वाकले. हाडांसाठी आणलेल्या पेटीवर तू पांढरं कापड धरलंस आणि मी एकेक उचलून आत ठेवलं. माझे हात थरथरले नाहीत, याचं मला अजून नवल वाटतं. आई सुईण होती. किती बाळं तिने अशीच दोन्ही हातांनी उचलून कापडात ठेवली असतील, असं माझ्या मनात आलं आणि भीती गेली. ती गेलीच. पेटी किती हलकी होती. आत नव्या जागेपर्यंत मी ती एकटीने नेली, तू माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होतास. मला वाटलं होतं आपण तिला घराबाहेर काढतो आहोत. चालताना कळलं, तिला आत घेतो आहोत. इतकी वर्षं ती आपल्या जागेत नव्हतीच.

पाळकांनी प्रार्थना केली. तू आमेन म्हणालास, आणि मग खुर्चीवर बसून हुंदके देऊन रडलास. सुनावणीत नाही, कमिटीत नाही, मी फितूर म्हटलं तेव्हाही नाही. मी तुझ्यापाशी मातीत बसले.

"तुले काय वाटलं, मले तिचं काही नव्हतं?" तू म्हणालास.

"नाही वाटलं तसं," मी म्हटलं. खोटं बोलले. वाटलं होतं. तू ओळखलंस. तो वाकड्या वेलांटीचा क्रूस आपण तिथेच उभा केला.

त्यानंतर सव्वा वर्ष मिळालं. मंगळवारी आणि शुक्रवारी मी माझ्या घरून, जरीपटक्याहून, रिक्षाने यायची, तुला घेऊन जायची, मशीनवर चार तास तुझ्याजवळ बसायची. आपण तिथे जितकं भांडलो तितकं लहानपणीही भांडलो नसू. शेजारच्या खुर्चीवरचे सिंधी काका म्हणायचे, बहनजी, इनका बीपी बढ़ जाएगा. तू हसायचास.

एक भांडण मात्र संपलं नाही. मी म्हणायची, अधिकारी बाई चांगल्या निघाल्या म्हणून झालं. दुसरं कोणी असतं तर? तू कबूल केलेले अकरा फूट त्यांनी घेतले असते आणि एकोणीस फूटही घेतले असते. खरं बोलण्याची किंमत बहुतेक वेळा ज्यांची संख्या कमी, त्यांनाच मोजावी लागते.

तू म्हणालास, "घेतले असते तर आपण पुन्हा अर्ज दिला असता. तरी अकरा फूट आपले झाले नसते."

"तुले तेवढं पुरलं असतं," मी म्हटलं. "मले पुरलं नसतं."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलास. मग म्हणालास, "हो. मलेही कदाचित पुरलं नसतं. त्या रात्री मी झोपलो नव्हतो, शालू. दगड सापडला त्या रात्री. वाटलं होतं, माती लोटून द्यावी परत. रूथले म्हटलंही. ती म्हणाली, लोटा, मी कोणाले सांगणार नाही."

"मग?"

"मग सकाळी पुन्हा मोजलं. म्हटलं चुकलं असेल."

हे तू मला मरायच्या तीन आठवडे आधी सांगितलंस. इतके दिवस मी तुला असा माणूस समजत होते की ज्याला खरं बोलायला काहीच जड जात नाही. म्हणून मला राग यायचा. तू मनात धरलं होतंस की चूक निघावी. तू माझ्यासारखाच होतास, फक्त तू दुसऱ्या दिवशी जाऊन मोजलंस. त्या दिवशी मी तुझ्या हाताला हात लावला, पट्टीच्या वर, आणि माफी मागायला तोंड उघडलं. तेवढ्यात नर्स आली, मशीनचा गजर वाजला, आणि ते राहिलं. नंतर दोन-तीन वेळा पुन्हा ओठांवर आलं. तू प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी काढायचास. मला वाटतं तू मुद्दाम करायचास. तरी शब्द शब्द असतो. तो द्यायचा राहिला, तो मी आता देते. मी चुकले, दादा. आई चुकीच्या जागेत आहे हे सांगणारा माणूस तिच्यावर माझ्याइतकंच प्रेम करत असेल, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

आणि एक सांगते, यावर तू वाद घालशील पण आता घालू शकत नाहीस. एकोणीस फुटांचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. मंडळीने आवाज उठवला म्हणून ती सुनावणी झाली, आम्ही बाकावर बसलो म्हणून बाईंनी ऐकलं. तू एकटा नकाशा घेऊन गेला असतास तर तुला बाहेर बसवून ठेवलं असतं. तू मोजलंस आणि आम्ही ओरडलो. दोन्ही लागलं.

तुला आईच्या शेजारी ठेवलं आहे. नव्या भिंतीच्या आत, दगडाच्या या बाजूला. कोणाला काही विचारावं लागलं नाही, कोणी काही म्हटलं नाही. बाहेर रस्ता चालू होता. रिक्षा, स्कूटर, शाळेची व्हॅन. पाळकांचा आवाज त्यात मधूनमधून बुडत होता आणि मला त्याचा त्रास झाला नाही. लोकांना रस्ता लागतो.

आता वहिनीचं सांगते आणि थांबते. मी तिच्याकडेच राहते आहे. पहिले दोन दिवस ती नुसती भिंतीला टेकून बसायची. डॉक्टरांनी तुला दिवसभरात चारच पेले पाणी सांगितलं होतं, ते मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते हे, की तुला तहान लागलेली पाहून ही पण तेवढंच पाणी पीत होती. दीड वर्ष. नागपूरच्या दोन उन्हाळ्यांत. तुझ्यासमोर तर नाहीच, पण मागेही जास्तीचा घोट नाही. तुलाही तिने कळू दिलं नव्हतं, असं म्हणाली.

काल दुपारी ऊन मी म्हणत होतं. कूलर घरघरत होता. वहिनी उठली, माठापाशी गेली, आणि तांब्या भरून तिथेच उभ्याने प्यायला लागली. थांबलीच नाही. पाणी हनुवटीवरून पदरावर सांडत होतं. तांब्या खाली ठेवून तिने श्वास घेतला.

"आणखी देऊ?" मी विचारलं.

ती जमिनीवर बसली आणि म्हणाली, "दे."